आद्य नाटककार विष्णुदास भावे

दरवर्षीं स्नेहसंमेलनाचे दिवस जवळ आले म्हणजे शाळेंत एक निराळीच गडबड सुरू होते. बांकें भिंतीशीं सरकतात, कोणी रंगाच्या डब्या आणतो, कोणी आईचें लुगडें मागून आणतो, आणि पडद्याची दोरी कोणीं ओढावयाची ह्यावरून खालच्या इयत्तांतील मुलांत भांडण जुंपतें. ह्याच सुमारास एकदोन पालक आम्हांस भेटून हळूच विचारतात कीं, आमच्या मुलाला नाटकांत घेतलेंच पाहिजे काय? त्याचा अभ्यास बुडेल. शिवाय तोंडाला रंग फासून चारचौघांत उभें राहणें आमच्या घरांत कोणास रुचत नाहीं. आम्ही त्यांची समजूत घालतों. कधीं ती पटते, कधीं पटत नाहीं. पण प्रत्येक वेळीं आम्हांस सांगलीच्या एका तरुणाची आठवण होते. पावणेदोनशें वर्षांहून अधिक काळापूर्वीं हाच प्रश्न त्याच्यापुढें, ह्याहून पुष्कळ कठोर रूपांत, उभा राहिला होता. त्या तरुणाचें नांव विष्णु अमृत भावे.

कोन गांवाहून खाडीवरचा पूल ओलांडून, दुर्गाडी किल्ल्यावरून कल्याणांत जाणाऱ्या आमच्या वाचकांस तेथील आचार्य अत्रे रंगमंदिर ठाऊक आहे. थोडें पुढें वाशीस गेलें तर तेथील नाट्यगृह खुद्द विष्णुदास भावे ह्यांच्याच नांवाचें आहे. ती पाटी वाचून आंत शिरणारे पुष्कळ. पण हा गृहस्थ कोण, त्यानें काय केलें, आणि त्याचें पुढें काय झालें, हें सांगूं शकणारे थोडे. आमच्या विद्यार्थ्यांना तें सांगतां यावें अशी आमची इच्छा आहे.

विष्णुपंतांचा जन्म एकोणिसाव्या शतकाचें दुसरें दशक संपतां संपतां झाला. हा काळ ध्यानांत ठेविला पाहिजे. १८१८ सालीं पेशवाई बुडाली आणि पुण्याचा दरबार उठला. त्या दरबाराच्या आश्रयानें जगणारे शाहीर, गवई, कारागीर, शिलेदार हे सारे एकाएकीं उघडे पडले. जीं थोडीं संस्थानें इंग्रजांनीं राखिलीं त्यांच्या दारांशीं गुणीजनांची रीघ लागली. कृष्णाकांठची सांगली हें त्यांपैकींच एक. तेथील अधिपति चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन ह्यांनीं मिरजेहून वेगळें होऊन १८०१ सालीं सांगलीस आपली गादी मांडिली होती. तरुणपणीं त्यांनीं लढाया पाहिल्या होत्या. उतारवयांत तरवारीला काम उरलें नव्हतें. अशा राजाचें मन देवळें, विद्या आणि करमणूक ह्यांकडे वळलें तर त्यांत नवल नाहीं. विष्णुपंतांचे वडील अमृतराव भावे हे ह्याच आप्पासाहेबांच्या पदरीं लष्करांत चाकरीस होते.

विष्णु हा लहानपणीं अभ्यासांत चमकणारा मुलगा नव्हता. (हें वाक्य वाचून मागच्या बांकावरच्या मंडळींनीं फार आनंदून जाऊं नये, पुढें त्यानें केलेले श्रम त्यांनीं पाहावे.) पंतोजींच्या शाळेपेक्षां त्याचें चित्त मातीचीं चित्रें करण्यांत, लांकूड कोरून बाहुल्या घडविण्यांत आणि रचून रचून गोष्टी सांगण्यांत रमे. हाताला कसब होतें, जिभेला कविता सुचे, आणि कीर्तनांत, पुराणांत ऐकलेली कथा डोळ्यांपुढें मूर्तिमंत उभी करण्याची हौस होती. घरच्यांना अशा मुलाची काळजी वाटते हें आम्हांस ठाऊक आहे. ह्या मुलाचें पुढें काय होणार, हा प्रश्न अमृतरावांच्या घरींही विचारला गेला असेल. परंतु ज्या गुणांना घरांत कोणी मोजीत नव्हतें त्यांवर राजाची दृष्टि गेली.

१८४२ सालीं कर्नाटकांतून भागवत मंडळींचा एक मेळा सांगलीस आला. उत्तर कानड्यांतील होनावराजवळच्या करकी गांवचा हा मेळा यक्षगान करणारा होता. यक्षगानांत भागवत म्हणजे मुख्य गायक एका बाजूस उभा राहून कथा गातो आणि भव्य शिरोभूषणें घातलेले नट त्या गाण्यावर नाचतात, आवेशानें बोलतात, युद्धें करितात. आप्पासाहेबांनीं तो खेळ पाहिला. त्यांतील सोंगांचें त्यांना कौतुक वाटलें, तसाच त्यांतील ओबडधोबडपणाही खटकला. शिवाय भाषा कानडी. अशाच रीतीचा, पण अधिक नीटस आणि आपल्या मराठी भाषेंत असा खेळ आपल्याकडे कां होऊं नये, असा विचार त्यांच्या मनांत आला, आणि तो तयार करण्याची आज्ञा त्यांनीं विष्णुपंतांस दिली.

आज्ञा देणें सोपें होतें. ती पार पाडावयाची म्हणजे काय, ह्याचा विद्यार्थ्यांनीं क्षणभर विचार करावा. आज नाटक बसवावयाचें तर छापलेलें पुस्तक मिळतें, पूर्वीं केलेला प्रयोग पाहावयास मिळतो, रंगभूषा करणारा मिळतो. विष्णुपंतांपुढें मराठीचा असा कोणताही कित्ता नव्हता. पंचविशीच्या आंतबाहेरच्या ह्या तरुणाला पद्यें स्वतः रचावीं लागलीं, त्यांना चाली लावाव्या लागल्या, वेष आणि मुकुट ह्यांची योजना करावी लागली. आणि ज्यांनीं जन्मांत कधीं रंगभूमीवर पाय ठेविला नव्हता अशा माणसांना उभें कसें राहावें, बोलावें कसें, हें शिकवावें लागलें. हातांतलें कसब येथें कामास आलें. बाहुल्या करणारास सोंग कसें सजवावें हें सांगावें लागत नाहीं.

पण खरी अडचण निराळीच होती. नट आणावयाचे कोठून? तमाशांत नाचणारे नट होते, कोंकणांत दशावतारी होते. परंतु दरबारांतील खेळांत कामें करण्यास लागणारे लोक हे पांढरपेशे, बहुतेक ब्राह्मण घरांतले. त्या काळच्या समाजांत अशा घरच्या पुरुषानें तोंडाला रंग लावणें हेंच हलकें मानीत. मग लुगडें नेसून सीतेचें सोंग घेणें म्हणजे तर धर्म बुडविणेंच. अशा लोकांवर बहिष्कार घालावा, त्यांना पंक्तीस घेऊं नये, अशी भाषा गांवांत सुरू झाली. बहिष्कार हा शब्द आज आपण सहज उच्चारतों. त्या वेळीं त्याचा अर्थ असा होता कीं, घरीं लग्न ठरणार नाहीं, श्राद्धास भटजी येणार नाहीं, मयतास खांदा देण्यास कोणी फिरकणार नाहीं. चार घटकांच्या करमणुकीसाठीं एवढें संकट अंगावर घेण्यास कोण तयार होईल? आप्पासाहेबांचें वजन पाठीशीं होतें म्हणूनच ती ओरड विरली. राजाची मर्जी नसती तर विष्णुपंतांचीं पद्यें त्यांच्या दप्तरांतच राहिलीं असतीं, असें आम्हांस वाटतें.

अशा रीतीनें ५ नोव्हेंबर १८४३ रोजीं सांगलीच्या राजवाड्यांत सीतास्वयंवराचा खेळ झाला. मराठी रंगभूमीचा जन्मदिवस म्हणून आज महाराष्ट्र जो दिवस पाळितो, तो हा.

त्या खेळाची तऱ्हा आजच्या मुलांना नवलाची वाटेल, म्हणून ती जरा विस्तारानें सांगतों. रंगीत देखावे नाहींत, वीज नाहीं. समया आणि दिवट्या ह्यांचा उजेड. पुढें एक साधा पडदा. प्रथम सूत्रधार येऊन मंगलाचरण गाई. त्याच्या पाठीशीं झांज, मृदंग घेतलेले साथीदार. मग वेडावांकडा वेष केलेला विदूषक उड्या मारीत येई आणि सूत्रधाराशीं थट्टेचें संभाषण करी. नंतर गजाननाचें सोंग येई. त्याची पूजा होऊन तो विघ्न निवारण्याचा आशीर्वाद देई. त्यामागून मयूरावर बसलेली सरस्वती नाचत येई. एवढें झाल्यावर मुख्य आख्यानास आरंभ होई. सूत्रधार एकेका प्रसंगाचीं पद्यें गाई, आणि त्यांचा अर्थ धरून पात्रें आपापलीं भाषणें बोलत. हीं भाषणें लिहिलेलीं नसत. कथा सर्वांस पाठ, प्रसंग ठरलेला. शब्द मात्र ज्याचे त्यानें त्या क्षणीं जुळवावयाचे. ज्याची वाणी तरतरीत तो सभा जिंकी, ज्याची अडखळे त्याची फजिती होई. गाण्याचा सारा भार एकट्या सूत्रधारावर. सीता रडे तीही सूत्रधाराच्या गळ्यानें, आणि राम बाण लावी तोही त्याच्याच तालावर.

आमच्या मतें ह्या रचनेचें मूळ जितकें कानडी यक्षगानांत आहे तितकेंच आपल्या देवळांतील कीर्तनांत आहे. कीर्तनकार एकटाच उभा राहून घटकेंत राम होतो, घटकेंत रावण होतो. श्रोते आपल्या मनांत रूपें पाहतात. विष्णुपंतांनीं कीर्तनकाराला सूत्रधार म्हणून एका बाजूस उभें केलें आणि त्याच्या मुखांतील पात्रांना हातपाय दिले. म्हणूनच हा नवा खेळ पहिल्याच रात्रीं लोकांना परका वाटला नाहीं.

आणि ह्या खेळांत राक्षस होते! आमच्या पणज्यांच्या पणज्यांना जें आठवत राही तें तेंच. काळें तोंड, लाल जीभ, मोठमोठे सुळे, हातांत तरवार, आणि पडद्यामागून येणारी ती आरोळी. राक्षस रंगभूमीवर येतांना जें ओरडत त्यावरून पुढें ह्या साऱ्या नाटकांना लोकांनीं अललडुर्र अशी थट्टेची संज्ञा दिली. देव असत ते शांत आणि तेजस्वी, राक्षस असत ते भयंकर, आणि स्त्रिया असत त्या दुःखी. मधली छटा नाहीं. सज्जनाचा छळ व्हावा, दुर्जनानें गर्जना करावी, प्रेक्षकांचा श्वास कोंडावा, आणि शेवटीं दुष्टाचा वध होऊन सर्वांनीं सुटकेचा निःश्वास टाकावा. अशा धाटणीच्या नाटकास इंग्रजींतून आलेल्या शब्दानें मेलोड्रामा म्हणतात, आपले टीकाकार त्याला अतिनाट्य असेंही म्हणतात. त्याच काळीं लंडनच्या रंगभूमीवर हाच प्रकार, वाद्यांच्या साथीनें आणि तरवारींच्या खणखणाटानें, गाजत होता. सांगलीच्या मंडळींस लंडनची वार्ता नव्हती, आणि लंडनला सांगलीची नव्हती.

आप्पासाहेबांचा आश्रय सुमारें आठ वर्षें लाभला. ह्या अवधींत विष्णुपंतांनीं रामायणांतील आणि इतर पुराणांतील आख्यानें रचून त्यांचे खेळ केले. नटांच्या चरितार्थाची कायमची सोय करून देण्याचें आश्वासनही राजानें दिलें होतें. परंतु राजाश्रय म्हणजे एका माणसाच्या आयुष्याएवढा. १८५१ सालीं आप्पासाहेब निवर्तले, आणि त्यांच्याबरोबर तें आश्वासनही गेलें. खेळांच्या सामानासाठीं झालेला खर्च अंगावर कर्ज होऊन राहिला. दरबारांत नव्या कारभाराला राक्षसांचे मुकुट आणि सरस्वतीचा मोर ह्यांची किंमत काय? तिशी ओलांडलेला माणूस, हातांत दुसरा कोणताही धंदा नाहीं, ज्यांना घरादारांतून ओढून आणून नट केलें तीं माणसें तोंडाकडे पाहत आहेत, आणि सावकार दारांत बसला आहे, अशी त्यांची अवस्था झाली.

अशा वेळीं बहुतेकांनीं सोंगांच्या पेट्या विकून कारकुनी पत्करली असती. विष्णुपंतांनीं दरबारची परवानगी काढिली, मंडळी जमविली आणि जें राजवाड्यांत चाले तें लोकांपुढें नेऊन मांडावयाचें ठरविलें. आम्हांस तर १८४३ सालच्या त्या रात्रीपेक्षां हा निर्णय मोठा वाटतो. सीतास्वयंवराचा खेळ राजाच्या आज्ञेनें झाला. फिरती मंडळी मात्र विष्णुपंतांच्या स्वतःच्या हिंमतीवर निघाली. राजानें ताट वाढावें आणि कलावंतानें जेवावें ही जुनी रीत मोडून, प्रेक्षकानें दाम मोजावा आणि नटानें त्याच्या कसोटीस उतरावें, ही नवी रीत येथें सुरू झाली. नाटकमंडळी हा शब्द आपल्या भाषेंत रूढ झाला तो ह्यामुळें.

कोल्हापूर, पुणें करीत मंडळी मुंबईकडे वळली. हा प्रवास आज सोपा वाटतो, पण तेव्हां घाटांतून आगगाडी नव्हती. बोरघाटांतून रेल्वे सुरू झाली १८६३ सालीं. १८३० सालीं झालेल्या बोरघाटच्या गाडीरस्त्याचाच काय तो आधार. बैलगाड्यांवर लादलेल्या पेट्या, त्यांत मुकुट आणि दागिने, वरून पडद्याची वळकटी, आणि बरोबर चालणारे सूत्रधार, गजानन, सीता आणि रावण, असा हा लवाजमा घाट उतरत असतांना वाटेवरच्या गांवकऱ्यांनीं त्याच्याकडे कसें पाहिलें असेल!

१८५३ सालच्या आरंभीं मंडळी मुंबईंत पोंचली. प्रथम गिरगांव-खेतवाडीच्या बाजूस खासगी जागेंत खेळ झाले. ते पाहून शहरांतील प्रतिष्ठितांचें लक्ष वेधलें. त्या वेळच्या मुंबईच्या सार्वजनिक जीवनांत जगन्नाथ शंकरशेट आणि डॉक्टर भाऊ दाजी लाड ह्यांचा शब्द मोठा. इंग्रजांसाठीं कोटांतील हिरवळीवर १७७६ सालीं बांधलेलें जुनें नाटकगृह कर्जापायीं बंद पडलें होतें; त्यानंतर ग्रँट रोडवर नवें नाटकगृह शंकरशेटांनीं दिलेल्या जागेवर उभें राहिलें आणि १८४६ सालीं सुरू झालें. तेथें इंग्रजी खेळ होत. पण कोटांत राहणाऱ्या साहेबलोकांना ती जागा दूर आणि गैरसोयीची पडे, त्यामुळें नाटकगृहास गिऱ्हाईक हवेंच होतें. मार्च १८५३ मध्यें त्या रंगभूमीवर सांगलीकरांचा मराठी खेळ तिकिटें लावून झाला.

ह्या घटनेकडे आम्ही जरा थांबून पाहतों. लांकडी रंगभूमि, खुर्च्या, ठरलेली वेळ, वर्तमानपत्रांतील जाहिरात आणि दारावर तिकीट, हें सारें मराठी नाटकाला प्रथमच भेटत होतें. तोंवर नाटक म्हणजे ज्याच्या वाड्यांत तो यजमान, बाकीचे पाहुणे. आतां ज्याच्या हातांत पैसा तो प्रेक्षक, मग तो शेटजी असो, कारकून असो, पारशी असो वा साहेब असो. एका छपराखालीं इतक्या जातींचे आणि धर्मांचे लोक, पंक्तीचा प्रश्न न काढतां, एकाच पडद्याकडे तोंड करून बसले. सांगलींत ज्या खेळावरून बहिष्काराची भाषा निघाली होती, त्याच खेळानें मुंबईंत हें घडविलें.

ह्यानंतर दीड महिना लोटतो न लोटतो तोंच, १६ एप्रिल १८५३ रोजीं, बोरीबंदराहून ठाण्यापर्यंत पहिली आगगाडी धांवली. पुढच्या वर्षीं ती आमच्या समोरच्या तीरावरील कल्याणास येऊन पोंचली. नाटकमंडळ्यांचें पुढील सारें आयुष्य ह्या रुळांवर गेलें. त्याच १८५३ च्या ऑक्टोबरांत पारशी तरुणांच्या मंडळीनें ग्रँट रोडवर रुस्तुम-सोहराबाचा गुजराती खेळ केला, आणि तेथून पारशी रंगभूमीची परंपरा सुरू झाली. त्या एका वर्षांत मुंबईनें किती आरंभ पाहिले! विष्णुपंतांची चतुराई अशी कीं, शहरांत मराठी न जाणणारे प्रेक्षक पुष्कळ आहेत हें ओळखून त्यांनीं गोपीचंद राजाचें आख्यान हिंदुस्थानी भाषेंतही रंगभूमीवर आणिलें.

यश आलें म्हणजे वांटेकरी येतात. विष्णुपंतांच्या हाताखालीं तयार झालेले नट फुटून निघाले. ज्यांनीं खेळ नुसता पाहिला होता त्यांनींही मंडळ्या काढिल्या. इचलकरंजीकर, आळतेकर, कोल्हापूरकर अशा कितीतरी मंडळ्या गांवोगांव फिरूं लागल्या. आख्यान तेंच, सूत्रधार तोच, मोर तोच. मूळ पुरुषाचें मात्र त्यांत नुकसान होऊं लागलें. ज्या खेळासाठीं त्यांनीं कर्ज काढिलें तो आतां कोणीही करूं लागला. तेव्हां आपल्याकडे नाटककाराचा हक्क वगैरे कल्पनाच नव्हती. नकलांना आणखी एक दोष लागला. विष्णुपंतांच्या पद्यांत जें मार्दव होतें तें उतरवून घेण्यास कष्ट पडत. राक्षसाची आरोळी उतरवून घेणें सोपें. म्हणून आरोळ्या वाढल्या आणि कविता मागें पडली.

इकडे इंग्रजी शाळांतून शिकलेली पिढी प्रेक्षकांत येऊन बसली होती. तिनें शेक्सपीअर वाचला होता. तिला लिहून पाठ केलेलें, बांधेसूद नाटक हवें होतें. १८६१ सालीं विनायक जनार्दन कीर्तने ह्या विशींतील विद्यार्थ्यानें थोरले माधवराव पेशवे ह्यांच्यावर गद्य नाटक लिहिलें. देवदानवांना बाजूस सारून मराठी माणसांचा इतिहास रंगभूमीवर आला. लोक अशा पुस्तकी नाटकांना बुकिश नाटकें म्हणत. त्याच सुमारास, १८६२ सालीं, विष्णुपंतांनीं नाटकमंडळीचा धंदा सोडला. सांगलीहून राजाश्रयावांचून निघाल्यास जेमतेम दहा वर्षें झालीं होतीं. चाळिशींतच ते रंगभूमीवरून उतरले, आणि पुढचीं जवळजवळ चाळीस वर्षें त्यांनीं आपण लाविलेल्या झाडाची वाढ दुरून पाहण्यांत घालविलीं.

येथें एका वादाचा उल्लेख करणें आम्हांस अवश्य वाटतें. विष्णुदासांना पहिले म्हणणें रास्त आहे काय? तंजावरच्या भोसले राजांनीं, त्यांत शहाजी राजांनीं सतराव्या शतकाच्या अखेरीस आणि अठराव्याच्या आरंभीं, मराठींत नाटकें रचिलीं होतीं. हें संशोधकांनीं पुढें उजेडांत आणिलें. कोंकणांत आणि गोमंतकांत दशावतार, देशावर तमाशा आणि ललित हे प्रकार फार जुने. आणि सामाजिक विषयावरील मराठी नाटकाचा पहिला मान जोतीराव फुल्यांच्या तृतीय रत्न ह्या नाटकाकडे जातो; तें १८५५ सालचें. शेतकऱ्याच्या अज्ञानावर भटजी कसा पोट भरतो आणि शिक्षणानें त्याचे डोळे कसे उघडतात, हा त्याचा विषय. दक्षिणा प्राईझ कमिटीकडे तें पाठविलें असतां तिनें तें स्वीकारलें नाहीं, आणि त्या काळीं त्यास रंगभूमि मिळाली नाहीं. एका नाटकाला राजवाडा मिळाला, दुसऱ्याला दप्तर. पहिला कोण, ह्या प्रश्नाचें उत्तर देतांना ही गोष्ट विसरूं नये असें आम्हांस वाटतें. तरीही तंजावरच्या नाटकांपासून आजच्या रंगभूमीपर्यंत अखंड वाट दिसत नाहीं. सांगलीपासून ती दिसते. ज्या झऱ्याचें पाणी आपण आज पितों तो झरा विष्णुदासांचा, एवढ्या अर्थानें त्यांचें आद्यत्व आम्ही मानतों.

ती वाट कशी पुढें गेली हेंही पाहण्यासारखें आहे. ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्यास अण्णासाहेब किर्लोस्करांच्या शाकुंतलाचा प्रयोग झाला. विष्णुदासांच्या खेळांत गाणें सूत्रधाराचें आणि बोलणें पात्रांचें. किर्लोस्करांनीं गाणेंही पात्रांच्या मुखीं दिलें. दुष्यंत आतां स्वतः गाऊं लागला. संगीत नाटक जन्मास आलें तें एवढ्या एका फरकानें. पण फरक करण्यास आधीं कांहींतरी असावें लागतें. १८८६ सालीं गोविंद बल्लाळ देवलांचें दुर्गा हें नाटक आलें. मूळ कथा इंग्रजी रंगभूमीवरील इझाबेला नांवाच्या जुन्या करुण नाटकाची. मरण पावला असें समजलेला पति परत येतो, आणि स्त्रीच्या दुःखाला पार राहत नाहीं. राक्षस गेले, मुकुट गेले. पण प्रेक्षकांच्या डोळ्यांतून पाणी काढण्याची जी कळ सांगलीकरांनीं शोधिली होती ती येथें साध्या घरांतल्या माणसांच्या कथेस लागू पडली. देवल हे सांगलीजवळच्या हरिपुरचे, आणि त्यांच्यामागून आलेले कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर तर खुद्द सांगलीचेच. हा केवळ योगायोग मानण्यास आमचें मन धजत नाहीं. ज्या गांवांत लहान मुलांना सोंगांच्या पेट्या पाहावयास मिळतात, त्या गांवांत नाटककार निपजतात.

विष्णुपंतांनीं आपलीं पद्यें वाऱ्यावर सोडलीं नाहींत. १८८५ सालीं त्यांनीं आपला नाट्यकवितासंग्रह प्रसिद्ध केला. पन्नासाच्या आसपास आख्यानें त्यांत आहेत. त्यांतच त्यांनीं आपल्या मंडळीची हकीकतही सांगितली, म्हणून आज आपणांस ती ठाऊक आहे. हें पुस्तक निघालें तेव्हां पुण्यामुंबईंत किर्लोस्कर मंडळीच्या गाण्यांनीं लोकांना वेड लाविलें होतें, आणि अललडुर्र हा शब्द सुशिक्षितांच्या तोंडीं हेटाळणीचा झाला होता. वृद्धपणीं आपल्या कृतीची चेष्टा कानांवर येणें हें कलावंताच्या वाट्यास येणारें फार कडू औषध. त्या हकीकतींत मात्र त्यांनीं आप्पासाहेबांचे उपकार स्मरले आहेत.

९ ऑगस्ट १९०१ रोजीं ते वारले. वय ऐंशीच्या पलीकडे गेलें होतें. आप्पासाहेबांच्या दरबाराची आठवण असलेलीं माणसें तोंवर विरळ झालीं होतीं. १९४३ सालीं सीतास्वयंवरास शंभर वर्षें झालीं तेव्हां सांगलीस नाट्यशताब्दीचा मोठा उत्सव झाला, आणि ज्याला रसिकांनीं हंसून बाजूस सारिलें होतें त्याच्या नांवाचा जयजयकार झाला. आतां ५ नोव्हेंबर हा दिवस मराठी रंगभूमि दिन म्हणून पाळितात, आणि त्या दिवशीं सांगलीस ज्येष्ठ रंगकर्मीस त्यांच्या नांवाचें गौरवपदक अर्पण करितात.

त्यांच्या हातच्या कांहीं लांकडी बाहुल्याही काळाच्या तडाख्यांतून वांचल्या. नाटकास आरंभ करण्यापूर्वींपासून ज्यांचा नाद, त्या कळसूत्री बाहुल्यांनीं शेवटपर्यंत त्यांची सोबत सोडली नव्हती. पुष्कळ वर्षें त्या मोडक्यातोडक्या अवस्थेंत पडून होत्या. पुढें बोलक्या बाहुल्यांचे खेळ करणारे रामदास पाध्ये ह्यांनीं त्या दुरुस्त केल्या, त्यांचे सांधे बसविले, दोऱ्या नव्यानें ओंविल्या, आणि लोकांपुढें त्या पुन्हा नाचविल्या.